शालेय आरोग्यशिक्षण आणि समन्याय : प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचा विचार



धर्मादाय रुग्णालयाचा वार्षिक अहवाल म्हटला की बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, शस्त्रक्रिया किती झाल्या, निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलत किती दिली आणि वर्षाअखेर ताळेबंद कसा जुळला, हे सांगण्याची प्रथा आहे. ती माहिती या अहवालात यथास्थान दिलेली आहे. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही अशा एका कामाचा विचार मांडत आहोत, जे रुग्णालयाच्या भिंतींबाहेर चालते, परंतु ज्याच्या यशापयशाचा भार शेवटी रुग्णालयाच्याच खाटांवर येऊन पडतो. हे काम म्हणजे शालेय आरोग्यशिक्षण. आणि त्यातही, ते देणाऱ्या शिक्षकाला घडविणाऱ्या प्राध्यापकांचे प्रशिक्षण.

शाळेत आरोग्य शिकविले जावे याबद्दल कोणाचेच दुमत नाही. शिक्षकांना त्यासाठी प्रशिक्षण द्यावे, हेही आता सर्वमान्य झाले आहे. परंतु त्या शिक्षकाला बी.एड्. वा डी.एल.एड्. महाविद्यालयात, कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान शाखेत किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषध विभागात जो प्राध्यापक शिकवितो, त्याची स्वतःची तयारी कोण करून घेतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आमच्या मते तोच मूळ प्रश्न आहे.

एका जुन्या निवेदनाची आठवण

हा विचार आपल्या मातीत नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात लेखन, वाचन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्यविषयक काही पाठ असावेत, अशी मागणी होती. त्याच निवेदनात शिक्षक हे प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील, असेही त्यांनी आग्रहाने मांडले होते.

आरोग्याचा पाठ, शिक्षकाचे प्रशिक्षण आणि ज्याला शिकवायचे त्याच्या परिस्थितीची जाण, या तीन गोष्टी एकाच निवेदनात आल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढील काळात त्या एकमेकींपासून दूर गेल्या. वैद्यकीय ग्रंथांतील नोंदीप्रमाणे शाळकरी मुलांची आपल्या देशातील पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली. १९६० साली केंद्र शासनाने श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली व १९६१ साली तिचा अहवाल आला. तपासणीची व्यवस्था हळूहळू उभी राहत गेली. आरोग्य खाते तपासणी करू लागले, शिक्षण खाते पाठ शिकवू लागले. आणि मुलाच्या घरची परिस्थिती हा विषय दोघांच्याही वहीत राहिला नाही.

समन्याय म्हणजे काय

समानता आणि समन्याय हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८ साली सुरू झालेल्या कार्यक्रमानुसार १० ते १९ वर्षे वयोगटातील मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळ्या रंगाची लोहगोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. वर्गातील चाळीस मुलांना चाळीस गोळ्या दिल्या, म्हणजे समानता साधली. परंतु त्यांपैकी काही मुली सकाळी उपाशीपोटी शाळेत येतात. त्यांना गोळीने मळमळते आणि पुढच्या आठवड्यात त्या गोळी गुपचूप फेकून देतात. काहींच्या घरी जेवणाबरोबरच चहा घेण्याची सवय असते आणि चहामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही. काही मुले त्या महिन्यांत गावातच नसतात. चाळीसही मुलांच्या शरीरात लोह पोहोचावे यासाठी प्रत्येकाच्या वाटेतला अडथळा वेगवेगळा ओळखून दूर करणे, हा समन्याय होय.

आरोग्यातील जे फरक टाळता येण्यासारखे असतात आणि तरीही टाळले जात नाहीत, ते अन्याय्य ठरतात, अशी आरोग्यशास्त्राची भूमिका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या सामाजिक कारणांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने २००८ सालच्या अहवालात हीच भूमिका विस्ताराने मांडली. याच संघटनेने युनेस्कोसमवेत २०२१ साली आरोग्यवर्धक शाळांसाठी जागतिक मानके प्रसिद्ध केली. त्यांत आरोग्य हे केवळ एका तासिकेचा विषय नसून शाळेच्या धोरणाचा, परिसराचा आणि समाजाशी असलेल्या नात्याचा भाग आहे, असे मानले आहे.

आरोग्यशिक्षणातून समन्याय वगळला तर काय उरते? उरतो तो केवळ उपदेश. ‘फळे खा, दूध प्या, उकळलेले पाणी प्या, नखे कापा’ हा उपदेश ज्याच्या घरी हे सर्व आहे त्याला अनावश्यक असतो आणि ज्याच्या घरी नाही त्याला बोचणारा असतो. दुसऱ्या मुलाच्या मनात आपले आईवडीलच चुकतात, अशी अपराधी भावना त्यातून निर्माण होते. आरोग्याचा पाठ शिकविणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी तयारी अपुरी असेल तर असा परिणाम टळत नाही.

परभणी जिल्ह्याचे वास्तव

आपल्या जिल्ह्यात हा विषय पुस्तकी राहत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. परभणी, पूर्णा, गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू व जिंतूर असे नऊ तालुके. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचा विवाह वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता. याच पाहणीत संपूर्ण महाराष्ट्रासाठी हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. राज्यातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५७ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला.

हे दोन आकडे एकत्र वाचले म्हणजे प्रसूती विभागात आमच्यापुढे काय येते, याची कल्पना यावी. नववी-दहावीत असताना जिच्या रक्तातील लोह कमी होते, तीच मुलगी दोन-तीन वर्षांत पहिल्या बाळंतपणासाठी दाखल होते. त्या वेळी रक्ताची पिशवी चढविणे, कमी वजनाच्या बाळाला अतिदक्षता विभागात ठेवणे, हे उपचार आम्ही करतोच आणि देणगीदारांच्या साहाय्याने अनेकदा सवलतीतही करतो. तथापि वाणिज्य शाखेचा साधा नियम येथेही लागू पडतो. जो खर्च वेळेवर केला असता तर अल्प झाला असता, तो विलंबाने केल्यास अनेक पटींनी वाढतो. आणि येथे तर हा खर्च त्या मुलीच्या शरीरातून वसूल होतो.

दुसरे वास्तव स्थलांतराचे. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर अशा तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला बाहेर पडतात आणि गाळप हंगाम आटोपल्यावर परततात. त्यांची मुले कधी बरोबर जातात, कधी आजी-आजोबांजवळ राहतात, तर कधी हंगामी वसतिगृहात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) फिरती पथके शाळांना वर्षातून एकदा भेट देऊन जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब यांची तपासणी करतात. ही भेट हिवाळ्यात आली, तर ऊसतोड मजुराचे मूल तपासणीतून सुटते. पुढील वर्षीही भेट त्याच महिन्यांत आली, तर ते पुन्हा सुटते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची फेब्रुवारी महिन्यातील तारीख १० ही आहे आणि ती भर गाळप हंगामात येते.

येथे कोणाची हयगय आहे असे आम्हाला सुचवायचे नाही. पथक वेळापत्रकानुसार येते आणि शिक्षक हजर मुलांना गोळी देतो. परंतु हजेरीपटावर उपस्थितांच्या संख्येला जसा रकाना असतो, तसा ‘तपासणीतून राहिलेले व का राहिले’ यासाठी रकाना नसतो. तो रकाना स्वतःहून आखणारा शिक्षक तयार करायचा असेल, तर त्याला तसे शिकविणारा प्राध्यापक आधी असावा लागतो.

प्रशिक्षणाची उतरंड

१२ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्र शासनाने आयुष्मान भारत योजनेअंतर्गत शालेय आरोग्य व स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून निवडले जावेत, अशी योजना आहे. निरोगी वाढ, भावनिक स्वास्थ्य, परस्परसंबंध, मूल्ये व नागरिकत्व, लिंगभाव समानता, पोषण व स्वच्छता, व्यसनप्रतिबंध, निरोगी जीवनशैली, प्रजनन आरोग्य व एच.आय.व्ही. प्रतिबंध, हिंसा व अपघातांपासून सुरक्षितता आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर, असे अकरा विषय त्यासाठी निश्चित केले आहेत. विषयांची निवड उत्तम आहे, यात शंका नाही.

हे प्रशिक्षण राष्ट्रीय पातळीवरून राज्याकडे, राज्याकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून शाळेकडे असे खाली येते. आपल्या घरांत पूर्वी मडक्यांची उतरंड असे. वरच्या मडक्यातले पाणी पाझरत खालच्या मडक्यात यावे, तसे हे ज्ञान खाली यावे अशी अपेक्षा असते. अनुभव असा की प्रत्येक पायरीवर थोडे पाणी कमी होते. वरच्या स्तरावर जे पाच दिवसांत चर्चा, नाट्य व प्रात्यक्षिके यांतून शिकविले जाते, ते खाली येईपर्यंत एका दिवसाचे भाषण होते. पहिल्यांदा गळतात ते नाजूक व अवघड भाग, म्हणजे मासिक पाळी, लैंगिक अत्याचार, बालविवाह आणि जातिभेद. विषमतेचा खरा मुक्काम नेमका याच विषयांत असतो.

२००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पौगंडावस्था शिक्षणाच्या साहित्यावर तीव्र आक्षेप घेण्यात आले आणि आपल्या राज्यात त्या साहित्याचा शाळांतील वापर थांबविण्यात आला. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु त्यातून एक धडा घेता येतो. एखादा अवघड विषय पालकांना, गावातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना त्यांच्या भाषेत, संकोच राखून व तरीही स्पष्टपणे समजावून सांगणारे अध्यापक पुरेशा संख्येने नसतील, तर छापलेले साहित्य कपाटातच राहते. याउलट, गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ या उपक्रमातून महाराष्ट्रातील तरुण-तरुणींशी याच विषयांवर वर्षानुवर्षे संवाद साधला आहे. सांगणाऱ्याची तयारी असली म्हणजे ऐकणाऱ्यांची तयारी होते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

सेवांतर्गत शिबिरांपेक्षा पदवीच्या शिक्षणातच ही तयारी झाली, तर ती टिकाऊ होईल. या दृष्टीने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा २०१४ चा आराखडा पाहण्यासारखा आहे. डी.एल.एड्. अभ्यासक्रमाच्या आराखड्यात मुलांचे शारीरिक व भावनिक आरोग्य आणि शालेय आरोग्य यांना स्वतंत्र स्थान आहे. बी.एड्.च्या आराखड्यात ‘लिंगभाव, शाळा आणि समाज’ तसेच ‘समावेशक शाळा’ हे विषय आहेत. परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षण मात्र ऐच्छिक विषयांच्या यादीत येते. म्हणजे ज्या वयात मुलीचा रक्तक्षय वाढतो, ज्या वयात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, ज्या वयात मुलगा तंबाखूची पहिली पुडी हातात घेतो, त्या वयाच्या माध्यमिक शिक्षकाची आरोग्याशी ओळख ऐच्छिक राहते. ही उणीव भरून काढण्याची मोकळीक विद्यापीठांना व महाविद्यालयांना आहे. प्रश्न राहतो तो ती भरून काढू शकणाऱ्या प्राध्यापकांचा.

जिल्ह्यातील उपलब्ध सामर्थ्य

या बाबतीत परभणी दुर्दैवी नाही. १९७२ साली स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, जे २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते, येथेच आहे. त्याच्या परिसरात १९७६ साली सुरू झालेले गृहविज्ञान महाविद्यालय आज सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणून काम करते. आहारशास्त्र, मानवविकास आणि विस्तार शिक्षण हे तेथील अभ्यासाचे विषय आहेत. जिल्ह्यातील अध्यापक महाविद्यालये १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. आणि २०२३ साली परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे वैद्यकीय अध्यापकवर्गही येथे उपलब्ध झाला आहे.

या प्रत्येकाच्या प्रशिक्षणाची वाट मात्र निराळी आहे. पारंपरिक विद्यापीठांतील प्राध्यापकांसाठी १९८७ पासून अकॅडमिक स्टाफ कॉलेजांत उद्बोधन व उजळणी वर्ग सुरू झाले. तीच केंद्रे पुढे मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. तेथील उद्बोधन कार्यक्रमाच्या आठ विषयांत विद्यार्थ्यांचे वैविध्य व समावेशक शिक्षण हा एक विषय आहे, ही समाधानाची बाब आहे. शालेय आरोग्य हा स्वतंत्र विषय नाही. वैद्यकीय अध्यापकांना अध्यापनशास्त्राचा पायाभूत अभ्यासक्रम करावा लागतो. परंतु त्यांचा वर्ग भावी डॉक्टरांचा असतो, भावी शिक्षकांचा नव्हे. म्हणजे ज्याला शिकवावे कसे हे ठाऊक आहे त्याला रक्तक्षय कसा ओळखावा हे ठाऊक नाही, ज्याला रक्तक्षय ठाऊक आहे त्याला चाळीस मुलांचा वर्ग ठाऊक नाही, आणि ज्याला आहार ठाऊक आहे त्याची या दोघांशी गाठच पडत नाही. सर्वांचे ज्ञान पक्के आहे. ते एकत्र येण्याची जागा तेवढी नाही.

प्रशिक्षणात काय असावे

आमच्या अल्प समजुतीनुसार, प्राध्यापकांच्या अशा प्रशिक्षणात पुढील पाच अंगांचा समावेश असावा.

पहिले अंग, निरीक्षणाचे. शिक्षकाने निदान करावयाचे नसते. परंतु मुलाला रोज पाच-सहा तास पाहणारा तोच असतो. फळ्यावरचे उतरवून घेताना मूल डोळे बारीक करते का, नेहमी शेजाऱ्याच्या वहीतून लिहिते का, हाक मारल्यावर मान वळवीत नाही का, त्वचेवर संवेदना नसलेला फिकट चट्टा आहे का, जिना चढताना धाप लागते का, हे त्याला दिसू शकते. हे पाहावे कसे व पाहिल्यावर कोठे पाठवावे, याचा सराव प्राध्यापकांनी आधी स्वतः बाह्यरुग्ण विभागात बसून करावा. चित्रफितीत पाहिलेले फिकट डोळे आणि समोर बसलेल्या मुलीचे फिकट डोळे यांत फार अंतर असते.

दुसरे अंग, अध्यापनपद्धतीचे. सूक्ष्म अध्यापन, पाठटाचण व सराव पाठ ही साधने अध्यापक महाविद्यालयांना परिचित आहेत. तीच आरोग्याच्या पाठांना लावावीत. ‘लोहयुक्त आहार’ या विषयाचे पाठटाचण करताना छात्राध्यापक सफरचंद आणि डाळिंब लिहून मोकळा होत असेल, तर प्राध्यापकाने त्याला थांबवून विचारावे की, या वर्गातील किती घरांत ही फळे येतात? आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी आहे, तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, हरभऱ्याचा पाला व शेवग्याची पाने आहेत. पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातील लोह अधिक शोषले जाते. विशेष म्हणजे याच परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबाद येथील ‘इक्रिसॅट’च्या सहकार्याने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिले. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह व २० मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात ते अनुक्रमे सुमारे ४५ व ३२ मिलिग्रॅम आहे. गोळीची जागा भाकरी घेऊ शकत नाही, हेही सांगावे. पण आरोग्याचा पाठ आपल्या शेतातून सुरू होतो, हे मुलाला कळले म्हणजे तो पाठ त्याच्या घरी पोहोचतो.

तिसरे अंग, समन्यायाचे. प्रत्येक पाठाला चार प्रश्न लावण्याची सवय प्राध्यापकांना व त्यांच्याद्वारे छात्राध्यापकांना लागावी. हे जे सांगितले ते या वर्गातील कोणत्या मुलाला करता येणार नाही? आज वर्गात कोण नाही, आणि त्याला हे केव्हा सांगणार? हे त्याला समजेल अशा भाषेत आहे का? आणि या पाठामुळे कोणाला लाज वाटेल का? तांड्यावरून येणाऱ्या मुलाच्या घरी गोर बोली बोलली जाते. परभणी-पाथरीकडे उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. दिव्यांग मुलांसाठी २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले आहेत. सर्वांना एकच भित्तिपत्रक पुरेल, असे मानता येत नाही. वजन-उंची सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखविणे ही लहानशी बाब वाटते. परंतु कृश किंवा स्थूल मुलाला ती दीर्घकाळ सलते.

चौथे अंग, कायदा व गोपनीयतेचे. बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यास तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. शाळेची अब्रू हे न कळविण्याचे कारण होऊ शकत नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, ग्रामपंचायत पातळीवर त्यासाठी अधिकारी आहेत आणि बालकांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोठे न्यायची व कोठे नेऊ नये, हा विवेक भाषणातून येत नाही. काल्पनिक प्रसंगांवर प्राध्यापकांनी आपसांत चर्चा करून तो अंगी बाणवावा लागतो.

पाचवे अंग, आत्मपरीक्षणाचे. आपण सर्वच आपापल्या जातीचे, वर्गाचे व घरातील शिकवणुकीचे संस्कार घेऊन वर्गात उभे राहतो. ‘ही मुले अस्वच्छच असतात’, ‘यांच्या मुलींची लग्ने लवकरच होतात’ अशी वाक्ये सुशिक्षितांच्या तोंडूनही सहज निघतात. ज्या मुलीचे लग्न ठरते तिच्या घरात कोणती असुरक्षितता आहे, कोयता घेऊन सहा महिने बाहेर राहणाऱ्या आईने वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हे समजून घेतल्याशिवाय केलेला बालविवाहविरोधी उपदेश त्या आईपर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्रशिक्षणातील किमान एक दिवस प्राध्यापकांनी वस्तीवर, तांड्यावर किंवा हंगामी वसतिगृहात घालवावा आणि त्या दिवशी त्यांनी बोलण्यापेक्षा ऐकावे.

मोजावे काय

प्रशिक्षणाचा हिशेब सामान्यतः उपस्थिती, प्रमाणपत्रे आणि भोजनखर्च यांवर संपतो. हिशेबाच्या वह्या आयुष्यभर तपासलेल्या आम्हा मंडळींना हे पुरेसे वाटत नाही. प्राध्यापकाचे प्रशिक्षण झाल्यावर त्याच्या छात्राध्यापकांच्या पाठटाचणांत काय बदलले, हे सहा महिन्यांनी पाहावे. छात्रसेवाकालात ते ज्या शाळांत गेले, तेथे तपासणीतून राहिलेल्या मुलांची नावानिशी यादी तयार झाली का, त्या मुलांपैकी किती जण हंगामानंतर तपासले गेले, चष्म्याची शिफारस झालेल्या किती मुलांच्या नाकावर प्रत्यक्षात चष्मा आला, लोहगोळी घेणाऱ्या मुलींची संख्या महिनोन्महिने टिकली का, हे मोजावे. हे आकडे लहान असतील. परंतु त्यांत शेवटच्या बाकावरचे मूल मोजले गेलेले असेल.

आमचा वाटा व विनंती

रुग्णालय विद्यापीठ चालवू शकत नाही आणि शासनाची जागाही घेऊ शकत नाही. तथापि आमच्याजवळ तीन गोष्टी आहेत, ज्या वर्गखोलीत मिळत नाहीत. प्रत्यक्ष रुग्ण, त्यांना तपासणारे अनुभवी डॉक्टर व परिचारिका, आणि आजाराचा माग घरापर्यंत घेणारे समाजसेवा कार्यकर्ते. जिल्ह्यातील अध्यापक महाविद्यालये, सामुदायिक विज्ञान व वैद्यकीय शाखा यांतील प्राध्यापकांनी एकत्र येऊन असे प्रशिक्षण योजल्यास बालरुग्ण, नेत्र, दंत व स्त्रीरोग विभागांत, रुग्णांची संमती व गोपनीयता सांभाळून, निरीक्षणाची सोय करून देण्याची आमची तयारी आहे. पाठविलेल्या मुलाची तपासणी झाल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे संबंधित शिक्षकाला पालकांच्या संमतीने कळविण्याची पद्धतही आम्ही घालू इच्छितो. कारण एकदा पाठविलेल्या मुलाचे पुढे काही कळले नाही, तर शिक्षक दुसरे मूल पाठविण्यास कचरतो.

देणगीदारांना आमची नम्र विनंती अशी की, यंत्रसामग्री व इमारत यांच्याइतकाच या अदृश्य कामाचाही विचार व्हावा. एखाद्या कक्षावर दात्याचे नाव कोरता येते, तसे टळलेल्या रक्तक्षयावर ते कोरता येत नाही. परंतु एक सुजाण प्राध्यापक दरवर्षी अनेक शिक्षक घडवितो आणि त्यांतील प्रत्येक शिक्षक पुढे तीस वर्षे मुलांसमोर उभा राहतो. या गुणाकाराचे मोल व्यापार-उदीमात मुरलेल्या आपणासारख्यांना आम्ही निराळे सांगावयास नको.

प्राध्यापक बंधू-भगिनींनी आपल्या सूचना व अपेक्षा रुग्णालयाच्या कार्यालयाकडे अवश्य कळवाव्यात. गाळप हंगाम आटोपून मुले गावी परतण्यापूर्वी जे काही योजता येईल, त्याचा आरंभ आपण मिळून करू या.